टक्केवारीचा हिशेब मागताना

माझ्या डाव्या पायाला पोलिओ झाला तेव्हा मी जेमतेम चालू लागले होते. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. गुडघा स्वतःच्या ताकदीने ताठ राहत नाही, घोटा लोंबतो आणि पायाची लांबी उजव्या पायापेक्षा सुमारे दीड इंचाने कमी आहे. या काळात पाय सुधारला नाही आणि सुधारणारही नाही, हे मला लहानपणापासून सांगण्यात आले होते. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने अनेक वर्षांपूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रातही ५५ टक्के कायमस्वरूपी अपंगत्व अशी स्पष्ट नोंद होती. २०२३ साली त्याच पायाची पुन्हा तपासणी झाली आणि नव्या प्रमाणपत्रावर ३६ टक्के हा आकडा आला. त्या निर्णयाविरुद्ध मी अपील केले. ते कसे केले, कोठे अडले आणि शेवटी कशामुळे निकाल बदलला, हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण माझ्यासारख्या अनेकांची टक्केवारी अशीच कमी होते आणि बहुतेक जण नशिबाला दोष देऊन घरी बसतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ३९ आणि ४० यांच्यात पायाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, पण जगण्याच्या दृष्टीने फार मोठा असतो. मी घरी शिकवण्या घेते, आई आणि मी अशी दोघींचे घर आहे आणि आमचे उत्पन्न संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी असलेल्या वार्षिक ५० हजार रुपयांच्या मर्यादेच्या आत बसते. या योजनेतून मला दरमहा १,००० रुपये मिळत होते. ही रक्कम कोणाला किरकोळ वाटेल, पण कॅलिपरचे, म्हणजे पाय ताठ ठेवणाऱ्या आधाराचे, पट्टे बदलणे, एका पायाला उंच टाच बसवलेले बूट करून घेणे आणि आईची रक्तदाबाची औषधे हा सारा खर्च त्यातूनच निघत असे. २०२३ च्याच जुलै महिन्यापासून शासनाने ही रक्कम १,५०० रुपये केली आणि नेमके तेव्हाच माझे अनुदान बंद झाले होते. एसटीची ७५ टक्के सवलतही गेली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले होते, म्हणून प्रवास निदान परवडत राहिला. माझ्या जागी पुरुष असता तर अपिलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे पूर्ण भाडे त्याला भरावे लागले असते, हा विचार तेव्हा वारंवार मनात येई.

पुनर्तपासणीला निमित्त झाले ते वैश्विक ओळखपत्राचे, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात. जुन्या प्रमाणपत्राऐवजी हे कार्ड जमा करावे, अशी सूचना तहसील कार्यालयातून आली. मी सेतू केंद्रातून ऑनलाइन अर्ज भरला आणि ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात गेले. त्या दिवशी तेथे इतकी गर्दी होती की डॉक्टरांना दोष देणे मला आजही जड जाते. मला टेबलावर झोपायला सांगितले, कोनमापकाने खुबा आणि गुडघ्याची हालचाल मोजली, टेपने दोन्ही पायांची लांबी मोजली, दोनतीन वेळा पाय उचलायला लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. कॅलिपर कोणी काढायला सांगितला नाही, पट्टे थोडे सैल करूनच मोजमाप झाले. मला उभे राहायलाही कोणी सांगितले नाही.

काही आठवड्यांनी प्रमाणपत्र तयार झाल्याचा संदेश आला. त्यावर ३६ टक्के लिहिले होते, आणि त्याच कागदावर आजार वाढणारा नाही, सुधारण्याची शक्यता नाही व पुनर्तपासणीची आवश्यकता नाही, या पर्यायांवर खुणा होत्या. जो पाय सुधारण्याची शक्यता नाही असे डॉक्टरच लिहितात, त्याचे दिव्यांगत्व ५५ वरून ३६ वर कसे आले, याचे उत्तर त्या कागदावर कोठेच नव्हते. पुढे माझ्या अपिलातला पहिला मुद्दा हाच झाला.

तहसील कार्यालयात नवे कार्ड दाखवताच अनुदान थांबवल्याचे पत्र मिळाले. त्या कार्यालयाची यात चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्यापुढे जो आकडा आला त्यावरच त्यांना निर्णय घ्यायचा होता. खरी अडचण रुग्णालयाच्या खिडकीवर सुरू झाली. अपिलाचा अर्ज कोठे द्यायचा, असे विचारल्यावर तेथील लिपिक म्हणाले, ‘‘प्रमाणपत्र मिळालंय ना ताई? मग अपील कशाचं? नाकारलं असतं तर गोष्ट वेगळी.’’ हे उत्तर त्यांनी वाईट हेतूने दिले नव्हते, पण ते चुकीचे होते आणि अनेक जण याच उत्तरावर परत फिरतात. अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला अपिलाचा अधिकार दिलेला आहे. निर्णय म्हणजे केवळ नकार नव्हे. कमी टक्केवारी लिहिणे हाही निर्णयच आहे. उलट, पूर्ण नकार मिळाला तर नियमांनुसार कारणे लेखी कळवावी लागतात, आणि ४० च्या खालचा आकडा हातात पडला की माणूस लाभाला मुकतो तो कारण न कळताच. म्हणूनच अशा प्रकरणात अपिलाची गरज अधिक असते, असे माझे मत आहे.

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त अव्वल कारकून मला या सगळ्यात फार उपयोगी पडले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, ‘‘बाई, खिडकीवर भांडू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि आवक क्रमांक वहीत लिहा.’’ त्यांच्या सल्ल्याने मी आधी अगदी लहान अपील दाखल केले. टक्केवारी मान्य नाही, फेरतपासणी व्हावी, आणि मोजमापाची कागदपत्रे मिळाल्यावर सविस्तर मुद्दे मांडण्याची मुभा असावी, एवढेच त्यात होते. कागदपत्रे मिळेपर्यंत थांबले असते तर मुदतीचा प्रश्न निघाला असता. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: अपील आधी, पुरावे मागाहून.

त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मी रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले आणि एकच गोष्ट मागितली: माझ्या तपासणीच्या दिवशी भरलेल्या मूल्यमापन तक्त्याची प्रमाणित प्रत. टक्केवारी का कमी केली, असा प्रश्न मी मुद्दामच विचारला नाही, कारण या कायद्याखाली अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, अधिकाऱ्याचे मत मागता येत नाही. पहिले उत्तर आले ते नकाराचे. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, असे त्यात म्हटले होते. माझ्याच पायाची मोजमापे मला वैयक्तिक म्हणून नाकारली गेली, याचा मला अतिशय संताप आला. तरीही पहिल्या अपिलात मी एवढेच लिहिले की, वैयक्तिक माहितीचा अपवाद त्रयस्थाच्या मागणीपासून संरक्षण देण्यासाठी आहे आणि येथे अर्जदार व माहितीचा विषय एकच व्यक्ती आहे. ओळखपत्राची प्रत जोडली. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांनी ते मान्य केले आणि पानाला दोन रुपये याप्रमाणे शुल्क भरून तो तक्ता माझ्या हाती आला.

तो एका पानाचा कागद वाचायला मला बराच वेळ लागला, पण एकदा तो समजला आणि पुढची दिशा स्पष्ट झाली. अस्थिव्यंगाची टक्केवारी डॉक्टर अंदाजाने लिहीत नाहीत. केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना तेव्हा लागू होत्या आणि त्यांत पायाच्या दिव्यांगत्वाचे दोन घटक केलेले आहेत. पहिला घटक हालचालीचा. त्यात सांधे किती वळतात आणि स्नायूंत किती ताकद आहे हे पाहतात. ताकदीला शून्य ते पाच अशी श्रेणी असते. पाय जमिनीच्या ओढीविरुद्ध उचलता येतो पण डॉक्टरांनी हाताने दाब दिला की खाली येतो, ती तिसरी श्रेणी, आणि तिच्यासाठी ४० टक्के हानी धरतात. दुसरा घटक स्थैर्याचा. त्यासाठी नऊ क्रिया करून पाहायच्या असतात: सपाट जागेवर चालणे, उतारावर चालणे, जिने चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघ्यांवर बसणे आणि वळणे. क्रिया जितकी जमत नाही तितका आकडा अधिक, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा, म्हणजे एकूण नव्वद. याशिवाय पायाची लांबी कमी असेल तर पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के अधिक मिळतात.

माझ्या तक्त्यात हालचालीच्या घटकापुढे २८ लिहिले होते. लांबीच्या रकान्यात ८ होते, म्हणजे दीड इंचाचा हिशेब बरोबर होता. या दोहोंच्या मधल्या रकान्यात, जेथे स्थैर्याचा आकडा यायला हवा, तेथे पेनाने ओढलेली एक आडवी रेघ होती. २८ अधिक ८ म्हणजे ३६. हीच माझी टक्केवारी. मोजलेले बरोबर होते, पण जे मोजलेच नव्हते त्याची किंमत शून्य धरली गेली होती.

हा कागद पाहिल्यावर मनावरचे मोठे ओझे उतरले. तोवर मला वाटत होते की कोणीतरी मला पाहून, ही बाई तर चालते, असे ठरवले असावे. गावातही हे ऐकून घ्यावे लागत होतेच. खोट्या प्रमाणपत्रांविषयी लोक बोलतात तेव्हा संशयाची नजर आधी आमच्याकडे वळते. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्याने आमचाच वाटा नेलेला असतो. तपासणी कडक असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. कडक म्हणजे पूर्ण, एवढेच माझे म्हणणे आहे. निम्मा तक्ता भरून काढलेला आकडा खोट्याला पकडत नाही, तो फक्त खऱ्याला बाहेर काढतो.

सविस्तर अपील मी दीड पानात बसवले. पायामुळे होणारे हाल, आईचे वय, शिकवण्यांचे तुटपुंजे उत्पन्न हे सर्व पहिल्या मसुद्यात होते. शेजारच्या काकांनी ते वाचून बाजूला ठेवले आणि म्हणाले, ‘‘हे सगळं खरं आहे, पण यातलं काहीच मंडळाला मोजता येत नाही.’’ मग फक्त तीन मुद्दे राहिले. स्थैर्याच्या घटकाची नोंद नाही. कॅलिपर न काढता तपासणी झाली आणि कॅलिपर हे साधन आहे, पायाची ताकद नव्हे. आणि सुधारणा शक्य नसल्याचे नमूद असताना जुन्या टक्केवारीत घट होण्याचे कारण दिलेले नाही. सोबत राजपत्रातील पायासंबंधीची पाने, जुने प्रमाणपत्र, माहिती अधिकारात मिळालेला तक्ता आणि कानपूरच्या एलिम्को या कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी कंपनीने तयार केलेला कॅलिपर केंद्राच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेच्या शिबिरात मिळाला होता, त्याची पावती जोडली. ती योजनाही ४० टक्क्यांच्या अटीवर चालते, त्यामुळे त्या पावतीला पुरावा म्हणून वजन होते. शेवटी चार मागण्या केल्या: आधी तपासणाऱ्या डॉक्टरांचा समावेश नसलेल्या मंडळाकडून तपासणी, कॅलिपर काढून तपासणी, नऊही क्रियांची नोंद, आणि आकडेमोडीची लेखी प्रत. निकाल लागेपर्यंत अनुदान सुरू ठेवावे, अशी विनंती तहसील कार्यालयाला स्वतंत्रपणे केली होती, ती मात्र मान्य झाली नाही. वाट पाहण्याचा काळ लांबला. स्मरणपत्रे दिली, पोच घेतली, वही भरत गेली.

अपिलाच्या तपासणीला तीन डॉक्टर होते. त्यांपैकी अस्थिरोगतज्ज्ञ वयाने ज्येष्ठ होते आणि त्यांनी माझे दीड पान आधीच वाचलेले होते. ‘‘ताई, कॅलिपर काढा आणि या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत चाला,’’ असे त्यांनी सांगितले. कॅलिपर नसताना मी डावा तळहात मांडीवर दाबून चालते. हाताच्या दाबाने गुडघा मागे ढकलला जातो आणि क्षणभर ताठ राहतो, तेवढ्यात उजवे पाऊल पुढे टाकायचे. हे मी इतक्या वर्षांपासून करते की स्वतःला जाणवतही नाही. डॉक्टरांनी मला मध्येच थांबवले, हात बाजूला घ्यायला सांगितले आणि पुढचे पाऊल टाकताच गुडघा दुमडला. सोबतच्या तरुण डॉक्टरांनी मला धरले. ज्येष्ठ डॉक्टर त्यांना म्हणाले, ‘‘हाताच्या आधाराशिवाय चाल शक्य नाही, असं लिहा. नुसतं चालते असं लिहू नका.’’

पुढे प्रत्येक क्रिया करून पाहिली. डाव्या पायावर मला उभे राहता आले नाही. उकिडवे बसताना तोल गेला. मांडी एका बाजूने घालता येते, पण डावा पाय हातांनी उचलून आत घ्यावा लागतो, हे त्यांनी पाहिले. गुडघ्यांवर बसता आले, उठता आले नाही. काही क्रियांना पूर्ण दहा, काहींना दोनतीन, सपाट जागेवर स्थिर उभे राहण्याला काहीच नाही, अशी नोंद होत गेली आणि स्थैर्याच्या घटकाची बेरीज ३० झाली. एका सरकारी खोलीत तीन अनोळखी माणसांसमोर पुन्हा पुन्हा तोल जाणे सोपे नव्हते, हे मान्य करते. पण त्या दिवशी प्रथमच माझा पाय जसा आहे तसा कागदावर उतरत होता, आणि त्यामुळे मला ते सोसवले.

आकडेमोडही त्यांनी समजावून सांगितली. दोन घटकांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच घ्यायचा, नव्वदमधून तो वजा करून जे उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचे आणि नव्वदने भागून ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. हालचालीचा घटक त्यांनी २८ च कायम ठेवला. म्हणजे ३० मोठा, २८ लहान. २८ गुणिले ६०, भागिले ९०, साधारण १८.६७. एकूण ४८.६७. त्यात लांबीचे ८ मिळवून ५६.६७, आणि पूर्णांकात ५७ टक्के. जुन्या ५५ च्या इतका जवळचा आकडा आलेला पाहून जुन्या मंडळाविषयीही मनात कृतज्ञता दाटली. त्या डॉक्टरांनी कोणतेही ऑनलाइन तक्ते नसताना सगळे नीट मोजले होते.

सुधारित प्रमाणपत्र आल्यावर मी ते तहसील कार्यालयात दिले आणि तालुका समितीच्या पुढच्या बैठकीत अनुदान पुन्हा मंजूर झाले, तेव्हाच्या १,५०० रुपये दराने. एसटीची सवलतही परत मिळाली. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. अनुदान सुरू झाले ते नव्या मंजुरीच्या महिन्यापासून. मधल्या काळाची थकबाकी देता येणार नाही, कारण त्या काळात वैध प्रमाणपत्रावर ३६ टक्के होते, असे मला तोंडी सांगण्यात आले. मला हे पटत नाही. अपिलाने मूळ निर्णय चुकीचा ठरवला असेल तर त्या चुकीवर आधारलेला अनुदानबंदीचा आदेशही टिकू नये. पायाची अवस्था त्या महिन्यांत वेगळी नव्हती आणि घरखर्चही थांबलेला नव्हता.

म्हणून तहसीलदारांकडे थकबाकीसाठी लेखी अर्ज केला आहे आणि लेखी उत्तरच मागितले आहे. ते मुदतीत आले नाही म्हणून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवली. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे राज्य आयुक्तांना साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रारीसोबत दोन्ही मूल्यमापन तक्ते शेजारीशेजारी लावले आहेत, एकात मधल्या रकान्यात रेघ आणि दुसऱ्यात ३०. सुनावणीची तारीख अद्याप मिळालेली नाही.